सेटबॅक

नोटीस कन्नडमध्ये होती.
आकडे तेवढे मला लगेच कळले:
वीस बाय तीस. एक मीटर. सात दिवस.
बाकीचं शेजारच्या मंजव्वाच्या पोरीनं वाचलं,
दप्तर खांद्यावरच ठेवून, घाईघाईत,
आणि शेवटी मान वर करून म्हणाली,
काकू, तुमचा जिना चुकीच्या जागी उभा हाय म्हणे.

जसा वर्गाबाहेर उभा केलेला पोरगा.

ऑफिसचं नाव बुडा.
कुणी ठेवलं ते असो,
आमच्या भाषेत तो हुकूमच होतो.
तीन खेपा घातल्या.
पहिल्यांदा साहेब साइटवर,
दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन.
तिसऱ्यांदा खातं उघडलं तर त्यावर अजून सासरेच,
तेही उरणकरचे हुरणकर झालेले.
हुरणकरांना घेऊन या, म्हणाले.
आणलं असतं की ओ,
ते जाऊन चौदा वर्षं झाली नसती तर.

निघताना शिपाई हळूच बोलला,
घाई करू नका, अक्रम-सक्रम येणार आहे.
मला वाटलं दोघे भाऊ असतील,
बेंगळूरचे, मोठ्या हुद्द्यावरचे.
अजून आलेले नाहीत.

वडगावात कुणाच्या घराला चारी बाजूंनी वारा लागतो?
एकाची भिंत संपते तिथंच दुसऱ्याची सुरू.
फक्त बोळाकडची एक बाजू आमची मोकळी.
खाली दोन माग, कांड्यांचं मशीन,
मशीनवर फळी, फळीवर देव.
वर थोरला आणि सून.
मागांनी जागा सोडली नाही,
म्हणून जिना घराबाहेर पडला.
बाळू मेत्रीनं बांधला, अकरा पायऱ्या, खानापूरच्या विटा.
कागदबिगद काही नाही. जमिनीवर विती टाकत गेला,
म्हणाला, बसतंय की वैनी.
बसलं.
बावीस वर्षं बसलंय.

आता सगळीकडून मीटर मीटर सोडायचं म्हणजे
मधे उरतं ते मागांपुरतं.
माणसं कुठं ठेवायची,
ते नियमात सापडलं नाही.
पोरीला परत वाचायला लावलं, तरी नाही.

मोजायला आला तो अथणीकडचा, ईरण्णा नावाचा,
नवाच असावा, बूट अजून कडक होते.
एकटाच आलेला. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही.
अक्का, एवढं गटाराच्या काठाला टेकवून धरा.
धरलं मी.
धरल्यावर कळलं, काय धरलंय.
माझ्या अंगठ्याखाली शून्य,
आणि त्याच्याकडं, जिन्याशी,
दोन फूट सात इंच.
आठ इंच कमी, म्हणाला,
आणि माझ्याकडं बघितलं नाही.
आठ इंच म्हणजे बाळूची एक वीतसुद्धा नाही.
टेप सोडली तर ती सरसरत त्याच्याकडं गेली,
आधीपासून त्याचीच असल्यासारखी.

मग त्याला लिहायचं होतं.
बोळात टेकायला दगड नाही, घरात पाय ठेवायला जागा नाही.
इकडंतिकडं बघून तो बसला
तिसऱ्या पायरीवर.
गुडघ्यावर फाइल ठेवली
आणि लिहू लागला की हा जिना असू नये.

खाली माग चालू होते.
बंद करू काय, मी विचारलं.
असू देत, म्हणाला. आईकडं पण होता आमच्या.
होता, एवढंच.
पुढं मी विचारलं नाही.

वरून सून चहा घेऊन उतरली.
दुसरी वाटच नाही तिला.
अकरा, दहा, नऊ करत चौथीवर येऊन थांबली.
तो फाइल छातीशी धरून भिंतीकडं सरकला
थोडासा,
आणि ती कप न हिंदकळवता खाली आली.

नोटिशीची प्रत आता देवांच्या फळीवर आहे, तेलाच्या बाटलीखाली.
सही सरळ आहे, शिक्का ठसठशीत.
फक्त दोन फूट सात इंचातला सात
मागाच्या ठोक्यानं
जरा हललेला आहे.